निर्णयपत्र आणि नियमग्रंथ : ‘धर्मकोश’ व सातारा-सांगली परिसरातील कागदपत्रसंग्रहांचे एक तौलनिक परीक्षण

प्रस्तावना

कोणत्याही समाजातील न्यायव्यवस्थेचा अभ्यास करताना अभ्यासकासमोर दोन प्रकारची साधने येतात. पहिला प्रकार नियम सांगणाऱ्या ग्रंथांचा आणि दुसरा प्रकार प्रत्यक्ष निर्णय नोंदविणाऱ्या कागदांचा. नियमग्रंथ ‘काय व्हावे’ हे सांगतो, निर्णयाचा कागद ‘काय झाले’ हे सांगतो. या दोहोंतील अंतर मोजण्याचे काम इतिहासकाराचे असते. परंतु पुष्कळदा असे घडते की, कालचा निर्णयच उद्याचा नियम बनतो. एखाद्या वादात दिलेले उत्तर त्या वादापासून तोडले जाते, ग्रंथात शीर्षकाखाली बसविले जाते आणि पुढे सर्वांना लागू होते. मध्ययुगीन युरोपात पोपच्या पत्रांचे जे हस्तलिखित संग्रह तयार झाले, ते या प्रक्रियेचे सर्वांत स्पष्ट उदाहरण होय.

प्रस्तुत लेखात त्या संग्रहांचा परिचय करून देणे हा मुख्य हेतू नाही. त्या संग्रहांच्या अभ्यासातून जो प्रश्न हाती लागतो, तो आपल्या परिसरातील साधनांना विचारून पाहावा, हा हेतू आहे. सातारा जिल्ह्यातील वाई येथे प्राज्ञपाठशाळेने सिद्ध केलेला ‘धर्मकोश’ हा विसाव्या शतकातील भारतीय धर्मशास्त्राचा फार मोठा संकलनप्रकल्प आहे. त्याच सातारा-सांगली परिसरात महजर, निवाडपत्रे, करीने, तकरिरी, यजितखते अशा शेकडो कागदांच्या रूपाने प्रत्यक्ष न्यायदानाची नोंद विखुरलेली आहे. एक संग्रह संस्कृतात व छापील, दुसरा मोडीत व बहुतांशी दप्तरांत. दोहोंचे अभ्यासकही वेगळे राहिले. या फारकतीचे परिणाम काय झाले, याचे परीक्षण येथे करावयाचे आहे.

पोपची पत्रे : प्रसंगापासून कायद्यापर्यंत

इ. स. 1140 च्या सुमारास इटलीतील बोलोन्या येथे ग्रेशियन नावाच्या अध्यापकाने चर्चच्या नियमांचा एक मोठा ग्रंथ रचला. ‘परस्परविरोधी नियमांचा समन्वय’ अशा अर्थाचे त्याचे नाव होते. धर्मपरिषदांचे ठराव, चर्चच्या आचार्यांची वचने, जुन्या पोपांची पत्रे यांत जेथे विरोध दिसेल तेथे तर्काने मेळ घालणे, ही त्याची पद्धत होती. धर्मशास्त्राच्या अभ्यासकाला ही पद्धत परकी वाटणार नाही. ग्रेशियनपूर्वी थोडीच वर्षे कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘मिताक्षरा’ लिहिली. स्मृतिवचनांतील विरोध मीमांसेच्या न्यायांनी मिटविणे, हेच त्याचेही काम होते.

ग्रेशियननंतर मात्र युरोपात एक वेगळी गोष्ट घडली. तिसरा अलेक्झांडर (1159–1181) व त्यानंतरचे पोप यांच्याकडे दूरदूरच्या बिशपांकडून आणि पक्षकारांकडून प्रश्न येऊ लागले. विवाह वैध की अवैध, एखाद्या मठाचे उत्पन्न कोणाचे, धर्माधिकाऱ्याची निवड रीतसर झाली की नाही, असे हे प्रश्न असत. पोप उत्तरादाखल पत्र पाठवी. बहुधा स्थानिक न्यायाधीश नेमून त्यांना चौकशीची दिशा सांगे. हे पत्र म्हणजे निर्णयपत्र. अभ्यासक व अध्यापक अशा पत्रांच्या नकला जमवू लागले. प्रारंभीचे संग्रह साधे होते, एकापाठोपाठ एक पत्र उतरवून घेतलेले. पुढे विषयवार मांडणी सुरू झाली. 1191 च्या सुमारास पावियाच्या बर्नार्डने पाच भागांची रचना रूढ केली : न्यायाधीश, न्यायप्रक्रिया, धर्माधिकारी, विवाह आणि गुन्हा. एका पत्रात तीन प्रश्न असतील तर त्याचे तीन तुकडे करून ते तीन ठिकाणी ठेवले जात.

1230 मध्ये नवव्या ग्रेगरीने पेन्याफोर्टच्या रेमंडवर या सर्व संग्रहांचा एकच अधिकृत संग्रह करण्याची जबाबदारी सोपविली. 1234 मध्ये तो प्रसृत झाला व बोलोन्या आणि पॅरिस येथील विद्यापीठांकडे पाठविण्यात आला. ‘लिबेर एक्स्ट्रा’ या नावाने तो ओळखला जातो. यापुढे न्यायालयांत आणि अध्यापनात हाच संग्रह वापरावा, असा आदेश होता. रेमंडने पत्रांची काटछाट केली. पक्षकार कोण होते, तक्रार काय होती, कोणी काय सांगितले, हा वृत्तान्ताचा भाग त्याला अनावश्यक वाटला. नियम तेवढा राखला. परिणामी पुढील पिढ्यांना पुष्कळ ठिकाणी नियमाचा अर्थच लागेना. एकोणिसाव्या शतकात एमिल फ्रीडबर्गने या संग्रहाची संशोधित आवृत्ती काढली, तेव्हा गाळलेले भाग जुन्या संग्रहांतून शोधून तिरप्या टाइपात परत बसविले. म्हणजे साडेसहाशे वर्षांनंतर एका संपादकाला दुसऱ्या संपादकाची कात्री दुरुस्त करावी लागली.

या इतिहासात बनावट कागदांचेही एक प्रकरण आहे. नवव्या शतकात फ्रँक लोकांच्या राज्यात प्राचीन पोपांच्या नावाने पत्रे रचून ती खऱ्या पत्रांत मिसळली गेली. ‘छद्म-इसिडोर’ या नावाने ओळखला जाणारा हा संग्रह शतकानुशतके प्रमाण मानला गेला आणि ग्रेशियननेही त्यातील पत्रे घेतली. 1628 मध्ये डेव्हिड ब्लाँडेलने त्याची कृत्रिमता सिद्ध केली. संग्रहात स्थान मिळाले की कागदाची चौकशी थांबते, हा यातील धडा आहे.

‘धर्मकोश’ : रचना व दृष्टी

स्टेफन कुटनर यांची युरोपीय चर्च-कायद्याच्या हस्तलिखितांची सुप्रसिद्ध सूची 1937 मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी वाईहून ‘धर्मकोशा’च्या व्यवहारकांडाचा पहिला भाग, व्यवहारमातृका, प्रसिद्ध झाला. हा केवळ योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे. जुन्या कायद्याची हस्तलिखिते शास्त्रशुद्ध रीतीने मांडावीत, ही प्रेरणा दोन्हीकडे एकाच काळात कार्यरत होती. व्यवहारकांडाचे पुढील भाग 1938 व 1941 मध्ये आले. संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी (1901–1994) होते आणि त्यांच्यामागे प्राज्ञपाठशाळेचे संस्थापक नारायणशास्त्री मराठे, म्हणजे केवलानंद सरस्वती (1877–1955), यांची विद्वत्परंपरा उभी होती. पुढे उपनिषत्कांड, संस्कारकांड, राजनीतिकांड, वर्णाश्रमधर्मकांड असा प्रकल्पाचा विस्तार झाला.

कोशाची रचना पाहू. प्रत्येक विषयाखाली वेदवाङ्मय, धर्मसूत्रे, महाभारत, कौटिलीय अर्थशास्त्र, मनू, याज्ञवल्क्य, नारद, बृहस्पती, कात्यायन अशा क्रमाने वचने दिली आहेत. वचनाखाली टीकाकारांची व्याख्याने, ते वचन कोणकोणत्या निबंधांत उद्धृत झाले आहे त्याचे स्थलनिर्देश आणि पाठभेद आहेत. बृहस्पती व कात्यायन यांच्या मूळ स्मृती संपूर्ण स्वरूपात उपलब्ध नाहीत. निबंधकारांनी घेतलेल्या उताऱ्यांवरूनच त्या ओळखाव्या लागतात. म. म. पां. वा. काणे यांनी 1933 मध्ये कात्यायनाची वचने याच रीतीने जुळविली होती. अशा स्थितीत कोणते वचन कोठे व कोणत्या पाठासह आले, याची नोंद हाच अभ्यासाचा पाया ठरतो, आणि तो ‘धर्मकोशा’ने घातला.

पाठभेदाचे महत्त्व किती, हे ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अंत्यसंस्काराच्या सूक्तावरून कळते. तेथे ‘अग्रे’ हा शब्द आहे. बंगालमधील रघुनंदनाच्या निबंधाच्या छापील पाठात त्या जागी ‘अग्नेः’ असे रूप आढळते. सधवा स्त्रियांनी पुढे यावे असे सांगणारा मंत्र या एका फरकाने अग्निप्रवेशाचा, म्हणजे सहगमनाचा, आधार ठरविला गेला. असा मजकूर ज्या परंपरेत प्राणांतिक ठरू शकतो, तेथे पाठभेदांची तळटीप ही पांडित्याची हौस मानता येत नाही.

कोशाची कालक्रमानुसारी मांडणी हा त्याचा सर्वांत महत्त्वाचा विशेष होय. ग्रेशियन काय किंवा आपले निबंधकार काय, दोघांनाही सर्व वचने एकाच पातळीवर ठेवून त्यांत एकवाक्यता साधावयाची होती. कोशकाराने ती वचने काळाच्या ओळीत उभी केली. त्यामुळे विरोध झाकला न जाता उघडा पडतो. अपुत्र मृताच्या विधवेच्या वारसाहक्काचे उदाहरण घ्यावे. आपस्तंब पुत्राच्या अभावी जवळच्या सपिंडाकडे वळतो. मनू पिता व भाऊ यांचा उल्लेख करतो. याज्ञवल्क्य वारसांच्या यादीत पत्नीला प्रथम स्थान देतो. नारद पुन्हा तिला निर्वाहापुरतेच देऊ पाहतो. बृहस्पती व कात्यायन तिच्या हक्काच्या बाजूने उभे राहतात. धर्म सनातन व अपरिवर्तनीय आहे असे मानणाऱ्या वाचकाला ही ओळ पाहिल्यावर उत्तर देणे कठीण जाते. व्यवहारकांड पूर्ण होत असतानाच तर्कतीर्थांची ‘हिंदुधर्माची समीक्षा’ ही व्याख्याने आकाराला येत होती, हे येथे ध्यानात घ्यावे. 1932-33 मध्ये येरवडा तुरुंगात असलेल्या गांधीजींना अस्पृश्यतानिवारणाच्या शास्त्रार्थात साहाय्य करणारे तर्कतीर्थ आणि कोशाचे संपादक तर्कतीर्थ हे दोन वेगळे पुरुष नव्हते. संकलनाच्या पद्धतीतच त्यांची समीक्षा आहे.

कोशाच्या मर्यादा

अशा कार्याविषयी आदर बाळगूनच त्याच्या मर्यादांची चर्चा करावी लागते.

पहिली मर्यादा कालक्रमाच्या गृहीतकाची आहे. स्मृतींचे काळ अनुमानाने ठरविलेले आहेत आणि एका स्मृतीतही वेगवेगळ्या काळाचे थर असू शकतात. शिवाय ओळीत मांडलेली वचने वाचताना वाचक नकळत प्रगतीची रेषा आखतो. वर दिलेल्या उदाहरणात नारद ही रेषा मोडतो. याज्ञवल्क्यानंतरचा मानला जाणारा नारद विधवेला कमी देतो, याचा अर्थ प्रदेशभेद, परंपराभेद किंवा व्यवहारातील दबाव असा काहीही असू शकेल. कोश प्रश्न उभा करतो, परंतु त्याचे उत्तर कोशाच्या आत सापडत नाही.

दुसरी मर्यादा भाषेची. कोशाचा मुख्य भाग संपूर्ण संस्कृतात आहे. तज्ज्ञांसाठी ते अपरिहार्य होते, हे मान्य केले तरी ज्या महाराष्ट्रात हा ग्रंथ सिद्ध झाला, तेथील इतिहासाचे व समाजशास्त्राचे बहुसंख्य अध्यापक आज त्याच्याकडे वळू शकत नाहीत. तर्कतीर्थांच्याच मार्गदर्शनाखाली वाई येथे मराठी विश्वकोश घडला व त्याचा पहिला खंड 1976 मध्ये आला. एकाच गावातून निघालेल्या या दोन कोशांपैकी एक मराठी वाचकाच्या घरात पोचला आणि दुसरा ग्रंथालयाच्या संदर्भविभागात राहिला.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची. ‘धर्मकोश’ निबंधांच्या पातळीवर थांबतो. धर्मशास्त्राचा वापर करून झालेले निवाडे त्याच्या कक्षेत येत नाहीत. योजनेतच ते नव्हते, म्हणून याला दोष म्हणता येणार नाही. तथापि परिणाम असा झाला की, युरोपातील अभ्यासकाला रेमंडने गाळलेला वृत्तान्त निदान जुन्या संग्रहांत सापडतो. आपल्याकडे नियमाच्या संग्रहाशी वृत्तान्ताचा संबंधच जोडला गेला नाही. धर्मशास्त्राचा अभ्यास संस्कृत विभागात आणि महजरांचा अभ्यास इतिहास विभागात, अशी वाटणी होऊन बसली.

महजर व निवाडपत्रे : वृत्तान्ताचा संग्रह

आपल्याकडे पोपसारखे एक केंद्र नव्हते. निर्णयाला अधिकार प्राप्त होई तो सभेच्या संमतीने. गोतसभा, मजलिस, ब्रह्मसभा आणि राजदरबार अशा अनेक ठिकाणी वाद जात. शिवकालीन कानुजाबत्यात धर्माधिकार पंडितरावांकडे सोपविलेला असून प्रायश्चित्तपत्रांवर संमतीचे चिन्ह करणे हे त्यांच्या कामांपैकी एक होते. संकेश्वर-करवीर पीठाच्या शंकराचार्यांची आज्ञापत्रे हे पोपच्या पत्रांच्या सर्वांत जवळचे साधन म्हणता येईल. तथापि त्यांचाही अंमल स्थानिक ब्रह्मवृंद व राजसत्ता यांच्या मान्यतेवर अवलंबून असे.

वतनाच्या वादाची कागदपत्रे पाहिली तर एक संपूर्ण क्रम दिसतो. वादी-प्रतिवादींच्या तकरिरी, वादाची पूर्वपीठिका सांगणारा करीना, वाद मान्य करण्याविषयीचे राजीनामे व जामीनकतबे, साक्षी, आवश्यक तेथे दिव्य, मग महजर किंवा निवाडपत्र आणि शेवटी हरलेल्या पक्षाने लिहून दिलेले यजितखत. जिंकणाऱ्याने हरकी द्यावयाची, हरणाऱ्याने गुन्हेगारी. महजरात प्रथम हाजीर मजलिशीची नावे येतात : सरकारी अधिकारी, देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन, बलुतेदार. शेवटी निशाण्या येतात. पाटलाचा नांगर, शेट्याची तागडी. अक्षर न येणाराही कागदावर उपस्थित असतो. बनावट कागदाचा आरोप झाला तर शिक्का, हस्ताक्षर व मजकूर यांची छाननी सभेपुढेच होई. डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनी 1953 मध्ये डेक्कन कॉलेजतर्फे प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील इंग्रजी ग्रंथात या साधनांचा पद्धतशीर उपयोग केला. तो अद्याप या विषयाचा आधारग्रंथ आहे.

शिवेच्या वादाचे प्रकरण या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. ‘धर्मकोशा’तील सीमाविवादाच्या प्रकरणात मनूची वचने आहेत. शिवेची खूण सांगणाऱ्यांनी डोक्यावर माती घ्यावी, तांबडी वस्त्रे व माळा धारण कराव्यात, असे तेथे सांगितले आहे. गावातील साक्षीदार न मिळाल्यास व्याध, पारधी, गुराखी, कोळी, कंदमुळे खणणारे, सर्प पकडणारे अशा रानावनात फिरणाऱ्यांना विचारावे, असेही म्हटले आहे. मराठी कागदांत शिवेवरून चालण्याचे दिव्य आढळते आणि साक्षीदारांत महाराची साक्ष निर्णायक मानलेली दिसते. शिव कोठून कोठे जाते हे त्याला ठाऊक, ही व्यवहारातील जाणीव त्यामागे होती.

येथे नियम व निर्णय यांचे नाते स्पष्ट होते. नियमाला साक्षीदाराचा प्रकार ठाऊक आहे; कागदाला त्याचे नाव ठाऊक आहे. नियमात तो अन्य कोणी न मिळाल्यास विचारावयाचा मनुष्य आहे. कागदात गावाची हद्द त्याच्या शब्दावर ठरते. ज्या व्यवस्थेने या माणसाला गावकुसाबाहेर ठेवले, त्याच व्यवस्थेला गावकुसाची रेषा त्याला विचारावी लागे. नियमग्रंथ कितीही सूक्ष्मपणे वाचला तरी ही विसंगती त्यात सापडणार नाही, कारण ती माणसाच्या नावासह, गावासह आणि तारखेसहच कागदावर उतरते.

संपादकांची कात्री

हे कागद आपल्यापर्यंत पोचविणाऱ्या संपादकांचे ऋण मोठे आहे. वि. का. राजवाडे यांनी 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. पहिल्या खंडाची पत्रे वाई येथे मिळालेली होती. शिवकालीन घराण्यांच्या खंडांत त्यांनी वतनाचे करीने व महजर जसेच्या तसे छापले. वासुदेवशास्त्री खरे (1858–1924) मिरजेच्या शाळेत अध्यापन करीत असताना पटवर्धनांचे दप्तर वाचीत राहिले आणि 1897 पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ प्रसिद्ध करू लागले. साताऱ्याचे द. ब. पारसनीस यांनी आयुष्यभर कागद व चित्रे जमविली. त्यांच्या संग्रहासाठी 1925 मध्ये साताऱ्यात वास्तू उभी राहिली; पुढे 1939 मध्ये तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला.

परंतु खरेशास्त्र्यांची दृष्टी राजकीय इतिहासाची होती. मोहिमा, तह, सरदारांची परस्परांना लिहिलेली पत्रे यांना त्यांच्या संग्रहात अग्रस्थान आहे. प्रत्येक प्रकरणाच्या प्रारंभी त्यांनी दिलेली विवेचने आजही वाचनीय आहेत. मात्र त्यांच्या निवडीमुळे पटवर्धनी दप्तर म्हणजे लढायांचे दप्तर, अशी एक समजूत अभ्यासकांत रूढ झाली. न्यायमनसुब्यांचे व घरगुती कज्जांचे कागद या समजुतीत मागे पडले. निवड हीदेखील एक प्रकारची कात्री असते. रेमंडने पत्रातील वृत्तान्त गाळला, येथे काही प्रकारची पत्रेच मागे राहिली.

इंग्रजी अंमलात तिसऱ्या प्रकारची कात्री चालली. एल्फिन्स्टनच्या आज्ञेवरून आर्थर स्टील याने दख्खनमधील जातींच्या रूढी विचारून त्यांचा सारांश 1827 मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी बॉराडेलचे ‘व्यवहारमयूखा’चे भाषांतर सुरत येथे छापले गेले; मिताक्षरेच्या दायभागाचे कोलब्रुककृत भाषांतर 1810 मध्येच झाले होते. पुढे न्यायालयांनी गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोकण येथे मयूखाला आणि उरलेल्या मराठी मुलखात सामान्यतः मिताक्षरेला अग्रक्रम दिला. म्हणजे साताऱ्याच्या शेतकऱ्याच्या वाटणीचा वाद सात-आठशे वर्षांपूर्वीच्या टीकाग्रंथाच्या इंग्रजी भाषांतरावर ठरू लागला, आणि त्याच्याच गावच्या महजरांतील रूढी ‘सिद्ध करावयाची बाब’ बनली. गोतसभेत जी गोष्ट सर्वांना ठाऊक म्हणून गृहीत होती, ती आता पुराव्याने शाबीत करावी लागे.

साताऱ्यातील वेदोक्ताचा वाद : दोन प्रमाणांची भेट

नियम आणि निर्णय यांतील ताण आपल्या परिसरात सर्वांत तीव्रपणे व्यक्त झाला तो छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या कारकिर्दीत, 1830 च्या सुमारास. भोसले कुळाला वेदोक्त संस्कारांचा अधिकार आहे की नाही, हा तो वाद. महाराज एका बाजूला आणि सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन विरुद्ध पक्षात, असे त्याचे स्वरूप होते. सातारा व सांगली ही केवळ दोन गावे न राहता या वादातील दोन भूमिका बनल्या.

या प्रश्नाची तात्त्विक रचना पाहण्यासारखी आहे. कलियुगात क्षत्रिय उरलेले नाहीत, असे एक मत निबंधपरंपरेत प्रचलित होते. हा नियम झाला. दुसरीकडे 1674 मध्ये गागाभट्टांनी शिवछत्रपतींचा राज्याभिषेक केला होता. हा निर्णय झाला. शास्त्र जाणणाऱ्यानेच दिलेला आणि रायगडावर प्रत्यक्ष घडलेला. नियमाला श्रेष्ठ मानावे तर अभिषेक अपवाद ठरतो. निर्णयाला श्रेष्ठ मानावे तर नियमच संशयास्पद ठरतो. युरोपात असा पेच पोपच्या नव्या पत्राने सुटला असता. येथे तो सोडविणारे सर्वमान्य पीठ नव्हते, म्हणून तो सभांमध्ये, पत्रांमध्ये आणि राजकारणामध्ये फिरत राहिला. शतकाच्या अखेरीस कोल्हापुरात शाहू छत्रपतींना त्याच प्रश्नाला पुन्हा सामोरे जावे लागले.

चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या संस्काराधिकारासंबंधीचे असेच वाद प्रबोधनकार ठाकरे यांनी 1919 मध्ये ‘ग्रामण्याचा साद्यंत इतिहास’ या ग्रंथात कागदपत्रांच्या आधारे मांडले. प्रबोधनकारांची भाषा प्रहार करणारी आहे आणि त्यांनी आपली बाजू लपविलेली नाही. तटस्थ संशोधनाच्या निकषावर त्या ग्रंथाची अनेक विधाने तपासून घ्यावी लागतील. तरीही एक गोष्ट त्यांना बरोबर उमगली होती. धर्मनिर्णयाचे पत्र कोणी, कोणाच्या सांगण्यावरून व कोणत्या प्रसंगी काढले, हे कळल्याशिवाय त्यातील शास्त्रार्थाला अर्थ नाही. ‘धर्मकोश’ जेथे थांबतो, तेथून प्रबोधनकार सुरू होतात. तर्कतीर्थांची काटेकोर पाठचिकित्सा आणि प्रबोधनकारांची प्रसंगाची जाण एका ग्रंथात एकत्र आली नाही, ही आपल्या ज्ञानव्यवहाराची खरी उणीव होय.

समारोप

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाच्या वर्गातील एका विद्यार्थिनीने घरातील जुना मोडी कागद आणून दाखविला. घरात समज असा होता की, तो जमिनीच्या मालकीचा कागद आहे. प्रस्तुत लेखकाला तेव्हा मोडी अडखळतच वाचता येत होती. जाणकाराकडून वाचून घेतल्यावर ते यजितखत निघाले, म्हणजे त्या घराण्याच्या पूर्वजाने वाद हरल्यावर लिहून दिलेले पत्र. विद्यार्थिनीने विचारले, “निकाल कळला, पण तो असा का लागला?” करीना हाती नव्हता, साक्षी हाती नव्हत्या. तिच्या प्रश्नाला उत्तर देता आले नाही. रेमंडच्या संग्रहातील वृत्तान्त गाळलेला नियम वाचणाऱ्या अभ्यासकाची अडचण त्या दिवशी पुस्तकाबाहेर समोर उभी होती.

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, ‘धर्मकोश’ हा नियमांचा संग्रह असूनही कालक्रमाच्या मांडणीमुळे नियमांच्या अपरिवर्तनीयतेला आव्हान देतो. या अर्थाने तो ग्रेशियन किंवा निबंधकार यांच्या परंपरेहून निराळा आहे. दोन, त्याची उणीव त्याच्या अंतर्गत गुणवत्तेत नसून निर्णयपत्रांशी त्याचा सांधा न जुळण्यात आहे. तीन, हा सांधा तुटण्यास संपादकांची निवड, वासाहतिक न्यायव्यवस्था आणि विद्यापीठांतील विषयवाटणी अशी तिन्ही कारणे जबाबदार आहेत.

यावर उपाय अवघड नाही, कष्टाचा मात्र आहे. ‘धर्मकोशा’च्या व्यवहारपदांची शीर्षके घेऊन त्याखाली प्रसिद्ध महजर व निवाडपत्रांची सूची करता येईल. सीमाविवाद, दायविभाग, दिव्य या तीन शीर्षकांपासून प्रारंभ करणे सोयीचे ठरेल, कारण त्या विषयांचे मराठी कागद बरेच छापले गेले आहेत. कागद प्रसिद्ध करताना एकटा निवाडा न छापता तकरीर, करीना, साक्ष व यजितखत यांसह संपूर्ण प्रकरण एकत्र छापावे. संस्कृत व इतिहास या विभागांनी पदव्युत्तर वर्गासाठी एक तरी प्रकरण एकत्र शिकवावे, आणि इतिहासाच्या अध्यापकाने मोडी वाचनास आपल्या पात्रतेचा भाग मानावे. शेवटची सूचना प्रस्तुत लेखक प्रथम स्वतःलाच करीत आहे.

निर्णय देणाऱ्यांची नावे ग्रंथांत राहतात. ज्यांच्यावर निर्णय झाला त्यांची नावे कागदांतच राहतात, आणि कागद वाळवीच्या स्वाधीन आहेत. वाई, कराड, मिरज, सांगली येथील घराघरांतील दप्तरे अजून पूर्णपणे वाचली गेलेली नाहीत. ती वाचली गेली तर ‘धर्मकोशा’तील वचनांना त्यांची माणसे परत मिळतील.